रुंदी क्ष मानू

२ जुलै १९८६

फळा तयार झाला. मागच्या पडवीतल्या मोडक्या दाराची फळी तासली, टॉर्चचे मेलेले सेल फोडून आतला काळा कोळसा कुटला, भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवला आणि दोन हात दिले. असा फळा कोल्हापूरच्या कॉलेजातसुद्धा नव्हता. बोटं अजून काळी आहेत, वहीला डाग पडतायत. पडू देत.

उद्यापासून वर्ग. दहावीला गणितात गचकलेल्यांसाठी, ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत. बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून, त्यांना ही कल्पना पसंत नाही. "स्वतः कॉलेज अर्ध्यार टाकून इलेलो, तो दुसऱ्यांका पास करतलो! ओरोसाक नवी कचेरी झाली हा, थंय भरती आसा. साहेबांच्या कानार घातलंय."

मी म्हटलं, ऑक्टोबरनंतर बोला.

माई म्हणाली, "पडवी तेवडी काळी करू नको म्हणजे झालां."

कॉलेज का सोडलं ते एकदा लिहून टाकतो. प्रॅक्टिकल चालू असताना सर म्हणाले, कोकणातून आंबे तेवढे चांगले येतात. वर्ग हसला. मी जर्नल टेबलावर आपटलं, बाहेर पडलो आणि थेट एस.टी. धरली. माफी मागितली असती तर परत घेतलं असतं म्हणे. मागितली नाही. दुसरं वर्ष अर्धं झालं होतं. पश्चात्ताप नाही.

गणित मला येतं. नुसतं येत नाही, दिसतं.

३ जुलै

तीन जण आले. मधू, तिसऱ्यांदा बसतोय, अंगाने दाराएवढा. कावेरी, विचारलं तरच बोलते. आणि जेसिंता.

जेसिंता आंतोनची धाकटी बहीण. आंतोन माझा शाळेतला दोस्त, आता ट्रॉलरवर असतो. सध्या समुद्र बंद म्हणून घरी जाळी शिवतोय. तिला मी शेंबडी असल्यापासून बघतोय. पण मे महिन्यात देवळाच्या जत्रेहून येताना त्यांच्या चर्चच्या फेस्तात डोकावलो, तेव्हा ती निळा फ्रॉक घालून मेणबत्त्या लावत होती. बस. पुढचं लिहायची गरज नाही, मला पाठ आहे. वर्ग तिच्यासाठी काढला असं कोणी म्हटलं तर थोबाड फोडीन. काढला तिच्यासाठीच.

तिचं एक गणितच राहिलंय. पहिल्याच दिवशी स्पष्ट म्हणाली, "माझी मावशी म्हापश्याक हॉस्पिटलात नर्स आसा. दहावी सुटली तर जानेवारीत थंय माका नर्सिंगाक घेतत. ऑक्टोबरात नाय सुटली तर जागा दुसऱ्याक. सुटात मां रे?"

"माझ्याकडे इलंस मां? सुटली समज."

ती हसली. नर्सिंगचं काय, मुली असं बोलतातच. एकदा वारं फिरलं की विसरतात.

९ जुलै

आयताची उदाहरणं काढली. फळ्याच्या कोपऱ्यात सूत्र मोठं लिहून भोवती चौकट मारली: परिमिती = २ (लांबी + रुंदी). म्हटलं, हा देव. आधी ह्याला नमस्कार, मग गणित.

पहिलंच उदाहरण: आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने जास्त, परिमिती ५४ मीटर, तर लांबी-रुंदी काढा. जेसिंताने लांबी क्ष मानली, रुंदी २क्ष + ३ केली, आणि भराभर गणित सोडवून लांबी ८, रुंदी १९ असं उत्तर आणलं.

"उलटां झालां," मी म्हटलं.

"उलटां कशां? परिमिती चोपन्नच येता."

"लांबी मोठी होयी. तुझी रुंदी मोठी झाली."

"मगे आयत आडवो फिरव. झालां!"

मधू फिदीफिदी हसला आणि माझं डोकं फिरलं. खडू फेकला. (भिंतीवर. तिच्यावर नाही.) म्हटलं, उत्तर आलं म्हणून नाचायचं नाही, ते उदाहरणात परत घालून बघायचं, त्याला ताळा म्हणतात. रुंदी १९, दुप्पट ३८, वर ३ म्हणजे ४१. तुझी लांबी ४१ आहे काय? ८ आहे!

तिने वहीतल्या ८ भोवती गोल काढला. मग हळूच म्हणाली, "मगे क्ष कोणाक म्हणूचा, ता कसां कळता?"

मी नेहमी बरोबर क्ष धरतो, पण कसा धरतो ते कधी बघितलंच नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणून वर्ग सोडला.

१० जुलै

जेवताना सुचलं. आज सांगितलं: "'आंतोनाचो मेव्हणो', 'आंतोनाचो शेजारी', 'आंतोनाच्या होडयेरचो खलाशी'. हे सगळे कळूक आधी काय कळूक होया?"

"आंतोन," तिघेही म्हणाले. कावेरीसुद्धा.

"तसांच. लांबीची ओळख रुंदीवरून दिली हा. रुंदीची ओळख कोणावरून दिलेली नाय. म्हणान रुंदी क्ष."

रुंदी क्ष, लांबी २क्ष + ३, दोन्हींची बेरीज ३क्ष + ३, तिची दुप्पट ५४. क्ष ८. लांबी १९. ताळा जुळला.

"म्हणजे माझो भाऊ क्ष!" जेसिंता म्हणाली आणि इतकी हसली की माई बघायला बाहेर आली. प्रोफेसर होण्यासाठी काय लागतं? हेच लागतं. ते मला उपजत आहे.

२४ जुलै

ती रोज सगळ्यांच्या आधी येते. बाकी दोघे यायच्या कितीतरी अगोदर, छत्री मिटून, अगदी फळ्यासमोर बसते. ह्याचा अर्थ काय ते कोणा शहाण्याला विचारायची गरज नाही.

आज दोघेच होतो तेव्हा म्हणाली, "गुरुदास, तू कॉलेज कित्याक सोडलंस?"

सगळं सांगितलं, जर्नल आपटल्याचं जरा रंगवून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी आसतंय तर सोडूक नसतंय."

दिवसभर हे वाक्य डोक्यात फिरतंय. मला सोडू दिलं नसतं म्हणते!

१० ऑगस्ट

आज वैताग. सूत्र तिघांना पाठ आहे. झोपेतून उठवून विचारा, सांगतील. पण उदाहरणातले शब्द जरा बदलले की गळपटतात. परिमितीऐवजी 'कुंपण' म्हटलं की कावेरी पेन खाली ठेवते. जेसिंता सारखी विचारते, "पेपरात ह्याच इला नाय तर?" त्यावर मी ओरडतो. ओरडल्यावर ती वही मिटते.

मला शिकवता येत नाही काय? येतं. त्यांनी मेहनत केली पाहिजे.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बंदरावर सगळं मालवण. आंतोनचा ट्रॉलर पताका लावून उभा. जेसिंता आईबरोबर आली होती, डोक्यावर निळा रुमाल. मी नारळ सोडला तेव्हा माई म्हणाली, "मेल्या, समुद्र हकडे आसा. तू खंय बघतस?"

६ सप्टेंबर

उद्या चतुर्थी. आज माझा दिवस होता, आणि तो कसा गेला ते लिहायलाच पाहिजे.

गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी माटवी जुनी झाली होती, वाळवीने खाल्लेली. म्हणून बाबांनी फणसाची सुंदर रीप आणून ठेवलेली, सोळा फूट. सुताराला बोलावत होते. मी म्हटलं, सुतार कशाला, मी करतो. वर्गालाही बोलावलं. बीजगणित पुस्तकात नसतं, घरात असतं, हे दाखवायचं होतं.

फळ्यावर मांडलं. माटवी आयताकृती. लांबी रुंदीपेक्षा फूटभर जास्त हवी, माईची इच्छा. रुंदी क्ष, लांबी क्ष + १. लाकूड सोळा फूट, म्हणजे परिमिती १६. देवाला नमस्कार केला, २ (क्ष + क्ष + १) = १६. क्ष साडेतीन. रुंदी साडेतीन, लांबी साडेचार. "बघा, एक इंचसुद्धा वाया नाय!" म्हणून करवत चालवली. मधूने रीप धरली. चार तुकडे, चार खिळे, चौकट गुण्यात, अगदी काटकोनात बसली. मधूने टाळ्या वाजवल्या. जेसिंता जमिनीवर बसून चौकटीकडे बघत होती. मला वाटलं कौतुकाने.

माई आतून आली. चौकट बघितली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"बरी झाली हा. आणि मधले दांडे?"

"कसले दांडे?"

"अरे, शहाळी, कवंडळां, सुपारेचो कातरो, तवशी, ह्या सगळां बांधूचा कशाक? वाऱ्याक?"

माटवीला मधे तीन आडवे दांडे असतात. जन्मापासून दरवर्षी मी स्वतः त्या दांड्यांना आंब्याचे डहाळे बांधतोय. माझ्या डोळ्यांसमोर दांडे होते, फळ्यावर नव्हते. कारण सूत्रात नव्हते.

बाबा कचेरीतून आले, सगळं ऐकलं, कोयता घेऊन परसात गेले आणि चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या तीन काठ्या तोडून आणल्या. सुंभाने बांधताना एवढंच म्हणाले, "एक इंच वाया नाय. खरां हा."

मी हातोडी टाकली आणि खाडीवर जाऊन बसलो.

७ सप्टेंबर

येणारा प्रत्येक जण वर बघतो. फणसाची चौकट आणि आत चिवारीच्या काठ्या. प्रत्येक जण विचारतो. प्रत्येकाला बाबा सांगतात. आरतीपेक्षा माटवीचीच कथा जास्त चालली.

जेसिंता आणि तिची आई ईडाबाय मोदक खायला आल्या. बाबांनी त्यांनाही सांगितलं. ईडाबाय हसली नाही, ती भली बाई आहे. जेसिंता वर बघत ओठ हलवत होती. माझ्यासाठी प्रार्थना करत असावी.

१३ सप्टेंबर

विसर्जन झालं, आज वर्ग. मनात ठरवलं होतं, माटवीचं नाव कोणी काढलं तर हाकलून देईन. जेसिंताने आल्या आल्या वहीचं पान पुढे केलं. एक आयत, आत तीन रेघा. खाली लिहिलेलं: रुंदी क्ष, लांबी क्ष + १. लांबीची लाकडं दोन, रुंदीची लाकडं पाच. २ (क्ष + १) + ५क्ष = १६.

माझं टाळकं तापलं. "बाबांनी शिकवून धाडल्यानी काय तुका?"

"तुझे बाबा माका कित्याक शिकवतीत? चित्र काढलंय, आणि चित्रात दिसली तितकी लाकडां मोजलंय."

७क्ष + २ = १६. क्ष २. रुंदी दोन, लांबी तीन. ताळा: तीन-तीन सहा, आणि दोनाची पाच लाकडं दहा. सोळा. एक इंच वाया नाही.

"बारीक जाता माटवी," ती म्हणाली, "पण जाता."

मी पानावरची लाकडं बोटाने परत मोजली. अडीच महिने हिला एक गणित स्वतःहून मांडता येत नव्हतं, आणि हे कोणी न सांगता मांडलं. का? कारण पानावर सूत्र नव्हतं, माटवी होती.

फडकं घेतलं आणि कोपऱ्यातला देव पुसून टाकला. मधू घाबरला. "मास्तर, मगे आमी आता नमस्कार कोणाक करूचो?" म्हटलं, चित्राला. आधी चित्र. मग बोट फिरवून बघायचं की नेमकं काय मोजायचंय. मग जो कोणाच्या आधाराने सांगितलेला नाही तो क्ष. शेवटी ताळा.

एक गोष्ट मात्र उघड आहे. माझी फजिती तिला बघवली नाही, म्हणून रात्रंदिवस बसून तिने ते सोडवलं. असं कोण कोणासाठी करतं?

२१ सप्टेंबर

आता वर्ग पळतोय! उदाहरणं मीच बनवतो. आज: मधूच्या घरासमोर खळं करायचंय, भाताची झोडणी येईल. एका बाजूला घराची भिंत, बाकी तीन बाजूंना चिरे लावायचे. चिऱ्यांची ओळ एकूण २४ मीटर भरते. भिंतीच्या बाजूची लांबी रुंदीच्या दुप्पट.

जुन्या देवाला भजले असते तर चारी बाजू धरल्या असत्या. मधूने चित्र काढलं, भिंतीच्या बाजूला स्वतःची म्हातारी बसलेली दाखवली, आणि म्हणाला, "हंय आजी आसा, हंय चिरो लागणा नाय." दोन रुंद्या आणि एक लांबी. २क्ष + २क्ष = २४. क्ष ६. रुंदी ६, लांबी १२. मधूने! कावेरीने न विचारता ताळा केला.

जेसिंता आता मला अडवते. "मास्तर, ह्येच्यात दार खंय? दाराक चिरे लागणत नाय." मी मुद्दाम दार विसरतो, तिने अडवावं म्हणून. एकदा खरंच विसरलो.

बाबा पडवीत उभं राहून ऐकत होते. ओरोसचं काही बोलले नाहीत.

परीक्षा झाली की तिच्याशी बोलायचं. मग आंतोनशी. घरचे आधी ओरडतील, दोन्हीकडचे. ओरडू देत.

५ ऑक्टोबर

आंतोन बंदरावर भेटला. मला तो लाडाने पात्रांव म्हणतो, म्हणजे मालक. गप्पा मारता मारता म्हणाला, "पात्रांव, तुझे उपकार जातले. जेसूची ट्रंक पण इली. पत्र्याची, बरी मोठी. मावशेन थंय खोली बघल्यान हा. तीन वर्सां शिकतली, मगे थंयच नोकरी."

"ट्रंक? परीक्षा होवची आसा अजून!"

"आमची जेसू तशीच. सुटतलीच म्हणता. मास्तर बरो गावलो, म्हणता."

म्हणजे खरंच जायचंय. पहिल्या दिवसापासून खरंच जायचं होतं. आणि मी काय करतोय? रोज पडवीत उभं राहून तिला म्हापशाच्या गाडीत बसवतोय, स्वतःच्या हाताने.

घरी येऊन फळ्यावर लिहिलं: वर्ग बंद.

७ ऑक्टोबर

खोलीतून बाहेर पडलो नाही. माई म्हणाली, "तीन पोरां दारात येवन परत गेली. काय झालां तुका?" म्हटलं, डोकं दुखतंय. "डोक्यां दुखता तर सुंठ लाय. वर्ग कित्याक बंद?"

ती नापास झाली तर ट्रंक घरीच राहील. हा विचार आला. लिहितोय, कारण आला. पेपर दहा दिवसांवर आणि क्षेत्रफळाची उदाहरणं अजून झालेली नाहीत. मी काहीच करायचं नाही. नुसतं झोपून राहायचं.

८ ऑक्टोबर

झोपून राहिलो होतो. पडवीत पावलं वाजली. मग फडक्याचा आवाज. 'वर्ग बंद' पुसलं जात होतं. मग जेसिंताचा आवाज, खणखणीत: "मधू, मागे सर. कावेरी, उदाहरण वाच."

कावेरीने वाचलं. आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर.

खडू चालला, ती मोठ्याने बोलत लिहीत होती. क्ष गुणिले क्ष + ५ बरोबर ८४. इथपर्यंत ठीक. क्ष वर्ग + ५क्ष - ८४ = ०. अवयव पाडायला तिला वेळ लागला, पण पडले. (क्ष + १२)(क्ष - ७). मी उशीत तोंड खुपसून मनात शाबास म्हटलं आणि मग स्वतःलाच शिवी दिली.

"क्ष बरोबर सात," ती म्हणाली, "किंवा उणे बारा. दोन उत्तरां."

"उणे बारा मीटर रुंदी?" मधू. "ती खंयची?"

"उणे म्हणजे उलट्या बाजूक. घराच्या मागे."

"आमच्या घराच्या मागे बारा मीटर गेलंय तर खाडीत पडान."

"मगे तुमचो आयत खाडीत. लिव दोनय उत्तरां."

कावेरी हळूच म्हणाली, "लिवया दोनय. एक तरी बरोबर येयत."

हे असलं सहन होत नाही! मी दार उघडून बाहेर आलो, अंगात बनियन, केस पिंजारलेले. "रुंदी उणे नसता!" ओरडलो. "कोण म्हणालां दोन लिव? समीकरणाक काय म्हायत रुंदी म्हणजे काय? तेका दोनय चलतत. आयताक चलणत नाय. उणे बारा गणितान बरोबर आसा, तरी सोडूचा लागता. आणि 'रुंदी उणे नसते म्हणून सोडले' असां लिवचा लागता, नायतर गुण कापतत!"

खडू तिच्या हातातून घेतला. तीन दिवसांचं एका बैठकीत घेतलं. क्षेत्रफळ, मग रुंदी वाढवली आणि लांबी कमी केली तर काय, मग बागेभोवतीची वाट. माईने दिवा आणून ठेवला तेव्हा कळलं की अंधार पडला.

जाताना जेसिंता म्हणाली, "डोक्यां बरां झालां?"

"नाय."

"उद्या येतंव हां मगे."

१७ ऑक्टोबर

बीजगणिताचा पेपर झाला. केंद्राबाहेर उभा होतो, चिंचेखाली, तीन तास. स्वतःच्या पेपरला असा घाम फुटला नव्हता. मधू पहिला बाहेर आला, म्हणाला, "आयत इलो! चित्र काढलंय!" पुढे काय केलं ते त्याला आठवत नव्हतं.

जेसिंता शेवटी आली. बोटांना शाई. "शेताच्या तीन बाजूंक कुंपण, चौथ्या बाजूक नदी," म्हणाली. "नदीक कुंपण घालूक नाय." आणि आईबरोबर गेली.

१२ डिसेंबर

निकाल! जेसिंता सुटली. कावेरी सुटली. मधू भूमितीत आपटला. मार्चला परत बसतो म्हणतो आणि वर्ग कधी सुरू ते विचारतो.

तिला चर्चच्या वाटेवर गाठली. आधी पाठ केलेलं सगळं विसरलो. "जेसू, जाव नको," एवढंच आलं. मग बाकीचं पण आलं, मे महिन्यातला निळा फ्रॉक, सगळं, धबाधबा. कोल्हापुरात जर्नल आपटलं होतं ना, तसंच.

ती चिडली नाही. लाजली असती तर बरं झालं असतं, लाजलीही नाही. "गुरुदास, तुका वायट वाटात. पण तू माका शिकवलंस, तुका खोटां सांगूचंय नाय. माझ्या मनात तसा काय नाय. कधीच नाय होता."

"मगे रोज सगळ्यांच्या आधी येय होतंस ती?"

"उशिरा इलंय तर मधू फुड्यात बसता. तेच्या पाठीआड माका फळो दिसणा नाय."

"आणि माटवी? ता गणित?"

"ता माका सुटणा नाय होता म्हणान रागान बसलंय. तुझ्यासारख्या हुशाराचा चुकला, तर पेपरात माझा काय होतला, ह्या भियान."

मी म्हटलं, कधी एका शब्दाने बोलली का नाहीस? म्हणाली, "तू इचारलंस कधी?"

मी उलट फिरलो आणि चालत सुटलो. चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत गेलो, परत आलो.

१४ डिसेंबर

काही लिहायचं नाही.

२५ डिसेंबर

आंतोन नाताळच्या गोडाचं ताट घेऊन आला, नेवऱ्या आणि दोदोल. "आवशीन धाडल्यान, मास्तराक म्हणान." मी म्हटलं, ठेव तिथे, मला भूक नाही. तो गेल्यावर बाबा एक नेवरी उचलून म्हणाले, "शेजारच्या वाडीतले चार जण मार्चसाठी इचारीत होते. मी सांगलंय, आमचो गुरुदास घेता." आमचो गुरुदास! ओरोसच्या साहेबांचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, भरती पुढे गेली.

दोदोल मी खाल्ला. अन्नावर राग कशाला?

५ जानेवारी १९८७

स्टँडवर जायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. खडू संपले म्हणून बाजारात गेलो. बाजारात गेल्यावर म्हापशावरून जाणारी पणजीची गाडी दिसली.

ट्रंक टपावर चढवून झाली होती. ईडाबाय रडत होती आणि रडता रडता सांगत होती, इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासतात, पिशवी मांडीवर घेऊन बस. जेसिंता खिडकीत. नवा पिवळा फ्रॉक. मला बघितलं आणि तिने हात केला, जसा आंतोनला केला तसाच. काही फरक नव्हता. आता मला फरक नीट कळतो.

मी खिडकीखाली गेलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"तू पण जूनात परत कॉलेजाक कोल्हापुराक जातलंस मां?" तीच म्हणाली. "त्या सरांक सांग, आंबे घेवन इलंय."

"आधी तुझी गाडी सुटांदे."

गाडी सुटेना. ड्रायव्हरने चावी फिरवली, घर्र घर्र, आणि गप्प. परत घर्र. परत गप्प. कंडक्टर दारातून ओरडला, "उतरा बाप्ये सगळे, धक्को मारूचो लागतलो!" ड्रायव्हर म्हणाला, नाही धरली तर आज गाडी रद्द, डेपोतून मेकॅनिक येईपर्यंत काही खरं नाही.

आज रद्द. मी तिथेच उभा राहिलो. आंतोन, दोन कोळी, एक पानवाला, सगळे मागे जाऊन लागले होते. गाडी जागची हलत नव्हती. हात खिशात घालून उभं राहायचं, एवढंच करायचं होतं मला. कोणी काही म्हटलं नसतं. एक माणूस कमी पडला, एवढंच.

"पात्रांव!" आंतोन ओरडला. "बघतस काय? ये मरे, हात लाय!"

खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं. "मास्तर, जोर काढ रे!"

खडूचा पुडा पानवाल्याच्या टपरीवर ठेवला आणि मागे गेलो. पत्रा गरम होता. खांदा लावला, पाय रोवले आणि रेटला. आधी काहीच नाही. मग जरा सरकली. मग चाकं फिरायला लागली, आम्ही धावायला लागलो, आणि पोस्टाच्या वळणाशी गाडीने एकदम धरली. तोंडावर काळा धूर सोडून ती निघाली. मी पडता पडता वाचलो. धूर निवळेपर्यंत गाडी वळून गेली होती.

आंतोन गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. म्हणाला, "तू लागलंस म्हणान धरली मरे. नायतर हलणा नाय होती."

खरं आहे. सगळ्यांत जास्त जोर माझाच होता.